उजवीकडून मोजलेलं घर

हरकारा आमच्या मळ्याच्या कडेने पळत जायचा. टपालाला तेव्हा आमच्याकडे टपा म्हणत, आणि बीडहून नेकनूरला जाणारा टपा त्याच्या खांद्यावरच्या थैलीत असे. हातात भाला, भाल्याला घुंगरं. ती घुंगरं लांबून ऐकू आली की मी हातातलं असेल ते टाकून बांधावर धावायचे. मोट चालू असली आणि पाटाचं पाणी फिरवायचं काम माझ्याकडे असलं, तर ते पाणी हरभऱ्यात चाललंय की गाजरात याची मला शुद्ध राहत नसे, आणि मग मायचा आवाज मळाभर घुमायचा. "काका, माझं कार्ड हाय का त्यात?" मी विचारायचे. तो न थांबता म्हणायचा, "थैलीला लाख लावलीय बाय, मला कावून इचारतीस? नेकनूरला बघ." म्हणजे माझं कार्ड माझ्या डोळ्यांसमोरून, माझ्याच मळ्यावरून दोन कोस पुढे जायचं, आणि बाजार करून आबा परत येईपर्यंत मला कळायचं नाही की त्यात पटावरचा माझा घोडा मेला की वाचला. आज घरातली पोरं टेलिफोन कुणी चटकन उचलला नाही तर चिडतात. मी गप्प बसते. वाट बघण्यातली मजा शिकवता येत नाही, ती अंगावरच यावी लागते.

आबा, माझे वडील, आमच्या गावचे पाटील. त्यांना दोन नाद होते, एक चांगल्या बैलांचा आणि दुसरा बुद्धिबळाचा. बैलांचा नाद मायला चालायचा. बुद्धिबळाबद्दल ती म्हणायची, "लाकडाचे घोडे दिवसभर हाकून कुणाची नांगरट झालीय?" आमचा पट तांबड्या-पांढऱ्या कापडाचा, कडेला काळी फीत शिवलेला. सोंगट्या लाकडी, लाखेनं रंगवलेल्या, अर्ध्या लाल, अर्ध्या हिरव्या. हिरव्यांतला एक उंट गहाळ झाला होता, त्याच्या जागी चिंचोका ठेवत. मला भाऊ नव्हता आणि गावात आबांच्या तोडीचा खेळणारा नव्हता, त्यामुळे सात वर्षांची असताना मी त्यांच्यासमोर बसले ती बसलेच. बाळबोध अक्षरंही त्यांनी मला पटावरच शिकवली, पहिल्या घरात अ, दुसऱ्या घरात आ.

गावात जोडीदार नाही म्हणून आबा परगावच्या लोकांशी टपानं डाव मांडायचे. त्यात माणसं कशी कळतात ते मी तिथेच पाहिलं. एक देशमुख होते, नाव सांगत नाही, त्यांची नातवंडं असतील कुठेतरी. जिंकत असले की त्यांचं कार्ड चौथ्या दिवशी हजर. हत्ती गेला की टपा बंद. पुढे सात महिन्यांनी पुतण्याच्या लग्नाची पत्रिका आली, त्यात डावाबद्दल अवाक्षर नव्हतं. आबा त्या लग्नाला गेले, जेवले आणि हात धुताना यजमानांना म्हणाले, "देशमुख, तुमची चाल हाय बरं का." आमच्या घरात एखाद्याची पत नाही असं सांगायचं झालं की आबा एवढंच म्हणायचे, "त्येचं कार्ड येत न्हाई."

माझं लग्न झालं तेव्हा मी दहा वर्षांची होते. सासर वडवणीच्या पलीकडचं, मोठ्या शेतीवाडीचं. मुहूर्ताला अवकाश होता म्हणून आबा आणि माझे सासरे, मामंजी, मांडवातच पट टाकून बसले होते. मला मुंडावळ्या बांधून जवळच बसवलेलं. मान खाली घालून बस असं मायनं दहा वेळा बजावलं होतं. मी मान खालीच घातली होती, पण पटही खालीच होता, त्याला मी काय करणार? आबांचं लक्ष आचाऱ्याकडे गेलं आणि मी पुटपुटले, "आबा, घोडा मरतोय." मामंजी आधी पटाकडे, मग माझ्याकडे बघत राहिले आणि पोट धरून हसले. त्यांच्या मागे एक उंच, कपाळ मोकळं असलेली बाई उभी होती, त्यांची थोरली बहीण, आत्याबाई. त्या घरात पान त्यांच्या शब्दाशिवाय हलत नसे. त्या हसल्या नाहीत. बोहल्यावर मी ज्याच्या शेजारी बसले त्याच्याकडे मात्र मी पाहिलंच नाही, मला त्याचे फक्त पाय आठवतात.

नांदायला जायला अजून तीन-चार वर्षं होती. ती सरत आली तेव्हा आबांनी व्याह्यांना पत्र घातलं की पोरीचा जीव पटात आहे, बरोबर आणला तर चालेल का. उत्तर आलं ते मायनं पदरात तोंड घालून ऐकलं. मामंजींनी लिहिलं होतं की आत्याबाईंचं म्हणणं, सुनेच्या हातात सोंगट्या या घरात कुणी पाहिल्या नाहीत. मी पुष्कळ बोललो, शेवटी त्या एका गोष्टीला कबूल झाल्या. मुलीने माझ्याशी टपाने एक डाव खेळावा. जिंकली तर पट घेऊन यावं, खुशाल खेळावं, त्या शब्द काढणार नाहीत. हरली तर पट माहेरी ठेवून यावं आणि पुन्हा विषय काढू नये. आबांनी पत्र दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "काय लिव्हू?" मला भीती थोडी आणि आनंदच जास्त वाटला. जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी डावाचं आव्हान दिलं होतं. "लिव्हा, पहिली चाल माझी म्हणून," मी म्हणाले.

रीत दोन्ही घरांनी लिहून घेतली. पटाच्या ओळी माझ्या बाजूने मोजायच्या आणि घरं नेहमी माझ्या डाव्या हाताकडून. कार्ड हाती पडल्यापासून आठ दिवसांत उत्तर. खाडाखोड चालणार नाही. आधी समोरच्याची शेवटची चाल पुन्हा लिहायची, मग आपली, म्हणजे दोघांचे पट एकच आहेत याची खात्री राहते. कार्ड पेटीत पडलं की चाल झाली, मागे घेणं नाही. आणि तिसऱ्या माणसाला विचारायचं नाही. या शेवटच्या कलमानं आबांचा जीव मेटाकुटीला आला. मी पट मांडून विचार करत बसले की ते समोर येऊन उभे राहत, खोकत, मिशा चावत आणि मग एकदम उठून गोठ्यात निघून जात. ते गोठ्यात गेले की मी समजायचे, माझ्या मनातली चाल वाईट आहे. पुढे मलाच ते अन्यायाचं वाटायला लागलं आणि ते घरात असेतो मी सोंगटीला हात लावायचं सोडलं.

आणखी एक अडचण होती. आता माझं वय झालं, ज्यांचं नाव घ्यायचं नाही ते गेल्यालाही वर्षं झाली, म्हणून लिहिते. ह्यांचं नाव राजाराम. नवऱ्याचं नाव बाईनं उच्चारायचं नसतं, मग त्याच्यासारखा शब्दही नको, आणि बुद्धिबळात तर राजाशिवाय पान हलत नाही. मायनं बजावलं, तोंडानं म्हणायचं नाही, लिहायचंही नाही. मी कार्डावर लिहिलं, "धनी एक घर उजवीकडे." मला वाटलं मामंजी हसतील. पुढच्या कार्डात त्यांनीही त्यांच्या राजाला धनीच लिहिलं. त्यांना कसलीच आडकाठी नव्हती, तरी शेवटपर्यंत त्यांनी तोच शब्द वापरला. मला मोडी येत नव्हती, तर ते एकेक अक्षर सुटं काढून बाळबोधीत लिहीत. एकदा मला हिवताप भरला, आबांनी तसं कळवलं, तर चालीच्या जागी एकच ओळ आली, "आठ दिवसांची अट थांबविली आहे, आधी बरी हो." ज्या घरी मला जन्म काढायचा होता ते मी नीट पाहिलंही नव्हतं. पण कार्ड वेळेवर यायचं, वर श्री, काजळाची घरगुती काळी शाई, ओळीखाली ओळ. मैत्रिणी सासरच्या नावाने रडायच्या तेव्हा मी मनात म्हणायचे, आमच्याकडचं कार्ड येतं.

मामंजींच्या गावाला टपा नव्हता. हे बीडला मदरशात, म्हणजे तेव्हाच्या सरकारी शाळेत, उर्दू शिकत होते, एका नातलगाकडे राहायचे. दर आठवड्याला घरची गाडी त्यांच्यासाठी धपाटे, शेंगांची चटणी आणि धुतलेले कपडे घेऊन बीडला जायची, तिच्यातून मामंजींचं कार्ड जायचं आणि हे ते पेटीत टाकायचे. माझी कार्डंही बीडला त्यांच्याच पत्त्यावर जायची आणि गाडीबरोबर गावी. म्हणजे डावातली प्रत्येक चाल त्यांच्या हातून जात होती. ते वाचत असतील असं माझ्या मनात यायचं आणि उगीचच कान तापायचे. आम्ही दोघांनी एकमेकांना पत्र लिहिणं तर सोडाच, एकमेकांची खुशाली विचारणंही तेव्हा कुणी ऐकून घेतलं नसतं.

डाव वर्षभर चालला आणि रंगात आला. माझा घोडा चौथ्या ओळीत दुसऱ्या घरात जाऊन बसला होता, मला त्याचा फार अभिमान होता. त्या बाजारी मी सकाळपासून वेशीत जाऊन जाऊन आले. उन्हं कलताना आबांची घोडी दिसली, आणि आबा खाली उतरायच्या आधीच ओरडले, "वजीर फुकट दिला इव्हायानं!" मग जीभ चावली. "मी काही बोललो न्हाई. तुझं तू वाच." पण पिशवीतून रेवड्यांचा पुडा काढून त्यांनी तो अख्खा माझ्या हातात दिला. मी कार्ड घेऊन पटाकडे धावले. वजीर, पाचवी ओळ, सहावं घर. तिथे माझं एक साधं प्यादं त्याला तिरपं मारत होतं, पाठीमागे कुणाचा आधार नव्हता. वजीर गेल्यावर डाव राहतो कुठे? मी टुणकन उडी मारली. माय चुलीपुढून म्हणाली, "काय झालं?" आबा म्हणाले, "काही न्हाई, पोरगी पट घेऊन सासरला चालली." मायनं त्या दिवशी न सांगता येसराच्या आमटीबरोबर गुळाचा शिरा केला. चावडीवर बातमी गेली. पाटलाची लेक जिंकली म्हणून दोघे-चौघे येऊन पट बघून गेले, ज्यांना उंट कुठला आणि हत्ती कुठला ते कळत नव्हतं तेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उत्तर लिहायला बसले. रीतीप्रमाणे आधी त्यांची चाल उतरवायची, म्हणून कार्ड समोर धरलं, आणि तेव्हा कुठे मी ते वरपासून वाचलं. आनंदात आदल्या दिवशी कुणीच वाचलं नव्हतं. वर श्री नव्हती. शाई काळी नव्हती, जांभळी होती. अक्षर मामंजींसारखं काढलेलं, पण डाव्या बाजूला कललेलं. आणि पहिली ओळ होती, "तुझी चाल, घोडा, चौथी ओळ, सातवं घर." माझा घोडा दुसऱ्या घरात होता. आधी वाटलं चुकून लिहिलं असेल. पटावर बोट ठेवलं. माझ्या डाव्या हाताकडून दुसरं घर, ते उजवीकडून मोजलं तर सातवं. मग वजीर. उजवीकडून सहावं घर म्हणजे डावीकडून तिसरं. मी वजीर उचलून तिथे ठेवला. तिथून तो एकीकडे माझा घोडा मारत होता आणि दुसऱ्या तिरप्या ओळीत हत्ती. एक वाचवला तर दुसरा जाणार. ही चाल मामंजींची होती. त्यांच्यासारखा माणूस अशीच चाल करणार. आणि उजवीकडून मोजणारा त्या वाटेवर एकच माणूस होता, जो दिवसभर उजवीकडून लिहायला शिकत होता.

आबा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मी कार्ड पाठीमागे धरून उभी राहिले. "आबा, चाल न्हाई इचारत. रीत इचारती."

"इचार."

"समोरच्यानं चाल एक केली आन कागदावर दुसरीच आली, तर?"

"कागदावरची खरी. तसंच ठरलंय. पेटीत पडली का चाल झाली."

"पण कागद त्येंच्या हातचाच नसंल तर?"

आबांचा अडकित्ता थांबला. मी कार्ड दिलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. आबा सरकारदरबारी जाणारे, उर्दू त्यांना चांगली येत होती. त्यांनी हवेत बोटानं उजवीकडून घरं मोजली आणि बराच वेळ कार्ड खाली ठेवलं नाही. "जावईबापूंचं काम दिसतंय," ते म्हणाले. "मूळ कार्ड गमावलं असंल. बापाच्या भ्यानं दुसरं लिव्हलं."

"मामंजींला कळवावं का?"

"कळवलं तर पोराची सालटी निघतील. कार्ड गमावलं ते गमावलं, वर बापाच्या हातचं म्हणून खोटं लिव्हलं. आन न्हाई कळवलं, वजीर घेतला, तर डाव तुझा. रीतीनं तुझाच. कुणी बोट दाखवणार न्हाई."

"तुमी काय केलं असतं?"

आबा उठले. "मी तिसरा माणूस हाय," ते म्हणाले आणि गोठ्यात निघून गेले.

मला पट हवा होता. हे सरळच सांगते, कारण म्हातारपणी माणसं आपल्या लहानपणाला उगीच साधुपणाचे कपडे घालतात. मला तो इतका हवा होता की मी जात्यापाशी जाऊन रडले. मला ह्यांचा रागही आला. ज्या माणसाचे मी फक्त पाय पाहिले होते, त्यानं माझ्या डावात हात घालून मला या कात्रीत धरावं? वजीर घ्यावा असं मनात शंभरदा आलं. पण मग जिंकलेला पट घेऊन त्या घरात जायचं, आणि समोर मामंजी बसलेले, ज्यांनी माझ्यासाठी राजाला धनी लिहिलं. रोज त्यांच्या वजिराकडे बघून मला कळणार की हा मी मारलाच नव्हता. आणि कळवावं तर ह्यांची अब्रू जाते, तीही आमची ओळख व्हायच्या आधीच. पटाकडे बघत बसले असताना एकदम तिसरी चाल सुचली, आणि रडं तिथल्या तिथे थांबलं. मी कार्ड घेतलं आणि लिहिलं, "आपली चाल, वजीर, पाचवी ओळ, तिसरं घर." खाली माझी चाल, हत्ती दोन घरं डावीकडे. एवढंच. मामंजी वाचतील तर त्यांना त्यांचीच चाल दिसेल. ह्यांच्या हातून कार्ड जाईल तेव्हा त्यांना काय दिसायचं ते दिसेल.

कार्ड गेलं आणि मग मला घाम फुटला. माझा हिशोब चुकला असला तर? वजीर खरंच सहाव्या घरात असला तर मी मिळालेला डाव आपल्या हातानं उधळला होता, वर सासऱ्याला न केलेली चाल चिकटवली होती. तीन आठवडे मला भाकरी गोड लागली नाही. आबाही घाबरलेले होते, पण डावाबद्दल तिसऱ्याशी बोलायचं नाही ही रीत ठरलेली, त्यामुळे ते दिवसातून चारदा बैलांच्या पाठी खाजवायचे. शेवटी नेकनूरहून कार्ड आलं. वर श्री. काळी शाई. "तुझी चाल, हत्ती दोन घरं डावीकडे. माझी चाल, वजिराने घोडा घेतला." मी ते डोक्याला लावलं आणि अंगणभर नाचले. माझा लाडका घोडा मेला होता आणि मी नाचत होते. माय दारात येऊन म्हणाली, "जिंकली का ग?" मी म्हणाले, "न्हाई माय, घोडा मेला." तिनं आबांकडे पाहिलं. आबा तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसत होते.

त्यानंतर मी चार महिने झुंजले, पण घोडा गेला होता आणि मामंजी चुकणारे नव्हते. शेवटच्या कार्डात मी लिहिलं, "धनी आडवे केले." उत्तर आलं, "डाव उत्तम झाला. शर्त ध्यानात असावी." मी सोंगट्या पुसून डब्यात भरल्या, चिंचोका घालायला विसरले नाही, आणि डबा आबांच्या हातात दिला. त्यांनी तो बायकांच्या दागिन्यांसारखा दोन्ही हातांनी घेतला. मला पाठवणीच्या वेळी रडू आलं ते माय-आबांसाठी आलं असं सगळ्यांना वाटलं, आणि ते पुष्कळसं खरंही होतं.

सासरी गेले तेव्हा हे बीडला होते. आत्याबाई कडक होत्या पण अन्यायी नव्हत्या. पहाटे हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं करायला त्यांनीच शिकवलं, आणि मी करपवलं तेव्हा पहिलं वाडगं त्यांनीच न बोलता संपवलं. पटाचा विषय मी काढला नाही. दिवाळीला हे घरी आले. पाडव्याच्या दुपारी जेवणं झाल्यावर मामंजींनी मला माजघरात बोलावलं. आत्याबाई खांबाला टेकून वाती वळत होत्या. हे दाराशी उभे होते, आणि या वेळीही मला पायच दिसत होते. मामंजींनी माझ्यापुढे एक कार्ड ठेवलं. पाण्यात भिजून फुगलेलं, काळी शाई पसरून ढग झालेलं. वरची श्री तेवढी ओळखू येत होती.

"सांग," मामंजी ह्यांना म्हणाले.

"दोस्तांसंगं कपिलधारला गेलतो," हे म्हणाले. मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. "कार्ड पेटीत टाकायचं राहिलं, खिशातच हुतं. धबधब्याखाली तसाच उभा राहिलो. मी पण मांडायचो डाव, कागदावर, चिंचोके ठिवून. त्याच्यावरनं बघून दुसरं लिव्हलं, भ्यानं. गडबडीत उजवीकडून मोजलं." मग म्हणाले, "तिच्या कार्डावर तिसरं घर वाचलं तवा कळलं काय केलं ते. सांगायचं धाडस झालं न्हाई. आता ती पट न घेता आली, तवा आज सांगितलं."

मामंजी माझ्याकडे वळले. "रीतीनं वजीर तुझा हुता. कावून न्हाई घेतलास?"

सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नसतं. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "बोल."

"ती तुमची चाल नव्हती," मी म्हणाले.

मामंजींनी कार्ड उचलून बाजूला ठेवलं. मग आत्याबाई म्हणाल्या, "शर्त ती शर्त. डाव ती हरली. तिचा पट तिच्या माहेरी राहील." मामंजींनी तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला आणि आपल्या भावालाच विचारलं, "तुझा पट कुठं हाय रे बापू? तो काढ. त्याच्यावर कुणी शर्त लावली न्हाई." आणि कापसाचं सूप उचलून त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. "मला हिकडं उजेड बरा पडतोय," त्या म्हणाल्या. भिंतीकडे उजेड नव्हताच.

मामंजींनी पट मांडला आणि स्वतः न बसता ह्यांना खूण केली. दिवसाढवळ्या, वडीलधाऱ्यांसमोर, आम्ही दोघं समोरासमोर बसलो. मी मान वर केली ती तेव्हा. हे घामाघूम झाले होते आणि कानापर्यंत लाल. खालच्या आवाजात म्हणाले, "डावीकडून मोजायचं का उजवीकडून?" समोरासमोर बसल्यावर घरं मोजावीच लागत नाहीत. मी म्हणाले, "डावीकडून," आणि मला हसू आवरेना. नवऱ्याशी बोललेला तो माझा पहिला शब्द. ते जांभळ्या शाईचं कार्ड अजून माझ्या डब्यात आहे, हे गेले त्या दिवशीसुद्धा मी ते काढून पाहिलं होतं.

हे वाईट खेळत नसत, पण घाईत खेळत. तासाभरात त्यांचा वजीर माझ्या प्याद्यापुढे उघडा पडला आणि त्यांनी सोंगटीवरचा हात काढला. मी थांबले. पटावर सोंगटी सरकल्याचा आवाज बराच वेळ आला नाही तेव्हा आत्याबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "या खेपेला तरी वजीर घेतलास का?"

"घेतला, आत्याबाई," मी म्हणाले.